एका घराची सहा घरे आणि एक ट्रान्सफॉर्मर

पुण्याच्या पेठेतला वाडा पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहते, सांगली-कोल्हापुरात वडिलोपार्जित दुमजली घराचे भावाभावांत वाटप होऊन त्याची स्वतंत्र बिऱ्हाडे होतात, इचलकरंजीतल्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गाळे निघतात, नाशिकच्या जुन्या बंगल्याचा तळमजला दवाखाना होतो. वास्तूचे रूप पालटण्याचे हे काम आज महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात चालू आहे. अशा कामात विटा, सिमेंट, फरशी, नळजोड, लिफ्ट यांचा खर्च बराचसा आधी सांगता येतो. विजेच्या जोडणीचा आकडा मात्र काम संपत आल्यावर हातात पडतो, आणि कित्येकदा सगळे अंदाजपत्रक कोलमडवून टाकतो. शेजारच्या गल्लीत तेवढ्याच आकाराच्या इमारतीला थोडक्यात मीटर मिळालेले असतात आणि इथे नवा ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाची केबल, रस्त्याची खोदाई असे सगळे मालकाच्या माथी येते. हा फरक वास्तूमुळे पडलेला नसतो. तो पडतो आपण रांगेत कितवे आलो यामुळे. वीजजाळे भरत आल्यावर जो शेवटी येतो त्याच्याकडून पूर्ण जाळे सुधारण्याचा खर्च घेणे अन्यायाचे आहे. आपल्या कायद्याचाही मूळ रोख त्याच्या विरुद्ध आहे, आणि तरीही ते घडत राहते. ते का घडते आणि कसे थांबवता येईल, हे नीट समजून घ्यायला हवे.

नव्या जोडणीच्या खर्चाचे तीन भाग असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला भाग सेवा जोडणी आकाराचा. खांबावरून किंवा रस्त्यातल्या पेटीतून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर, तिची जोडणी आणि त्याचे श्रम यांत आले. त्याचे दर राज्य विद्युत नियामक आयोग मंजूर करतो आणि ते छापील असतात. दुसरा भाग सुरक्षा ठेवीचा. ती कंपनीकडे राहते, पण रक्कम ग्राहकाचीच असते. विद्युत कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे तिच्यावर व्याज मिळते आणि जोडणी सोडली की ठेव परत मिळते. या दोन भागांबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिसऱ्या भागाबद्दल, म्हणजे मीटरच्या मागे असलेल्या पायाभूत सुविधांच्या खर्चाबद्दल. डीपी वाढवायची, नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, ११ केव्हीची वाहिनी वळवून आणायची, तिच्यासाठी आरएमयू नावाची जोडपेटी ठेवायची. याला छापील दर नसतो. प्रत्येक ठिकाणचे अंदाजपत्रक वेगळे निघते, आणि रूपांतराच्या कामात आकडा फुगतो तो इथेच.

हा आकडा कसा जन्माला येतो हे एका हिशेबातून पाहू. समजा, एका रस्त्यावर १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर तो सुमारे ९० किलोवॉट भार पेलतो. आसपासच्या घरांची आजची सर्वाधिक एकत्रित मागणी ६० किलोवॉट आहे. त्या रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या जागी सहा फ्लॅट होतात. प्रत्येक फ्लॅटमध्ये दीड टनाचे दोन एसी, गिझर, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, फ्रिज. प्रत्येकाने ८ किलोवॉटचा भार मागितला, तर ४८ झाले. लिफ्टचे ५, पंपाचे २, जिन्यातल्या आणि आवारातल्या दिव्यांचा १ धरला की एकूण ५६ किलोवॉट. साठात छप्पन्न मिळवले की ११६ होतात, ट्रान्सफॉर्मर पेलतो ९०. म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर हवा. कागदावर हा निष्कर्ष अगदी सरळ दिसतो. पण सहाही घरांत एकाच क्षणी दोन्ही एसी, गिझर, शेगडी आणि वॉशिंग मशीन चालू नसतात. गिझर सकाळी चालतो, एसी रात्री, शेगडी तिन्हीसांजेला. वीज अभियांत्रिकीत या वेळांच्या फरकाचा हिशेब धरणे ही जुनी, सर्वमान्य पद्धत आहे. तो धरला आणि सहा घरांची प्रत्यक्ष एकत्रित मागणी २५ किलोवॉटच्या आसपास निघाली, तर बेरीज ८५ होते. शिवाय बंगल्याचा जुना भार त्या साठात आधीच धरलेला आहे आणि बंगला गेल्यावर तो वजा व्हायचा आहे. म्हणजे आहे त्याच ट्रान्सफॉर्मरवर भागते. काठावर भागते हे खरे, पण भागते. मागितलेल्या भारांची नुसती बेरीज करायची की प्रत्यक्ष एकत्रित मागणी धरायची, या एका निवडीवर लाखो रुपयांचा खर्च उभा राहतो किंवा टळतो. ही निवड ज्या कागदावर होते तो कागद अर्जदारासमोर यायला हवा, कारण पैसे त्याचे जाणार असतात.

आता असे धरू की अभियंत्याने सावधपणे विचार केला, पुढच्या पाच वर्षांची वाढ लक्षात घेतली आणि १०० केव्हीएच्या जागी २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवायचे ठरवले. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय योग्यही असेल. पण मग पुढचा प्रश्न येतो: जुना ट्रान्सफॉर्मर भरला कोणामुळे? त्यातले ६० किलोवॉट रस्त्यावरच्या जुन्या घरांचे आहेत. त्यांनीही गेल्या काही वर्षांत एसी बसवले, कोणी मजला चढवला, कोणी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. त्यांतल्या कोणालाही ट्रान्सफॉर्मरचे पैसे भरावे लागले नाहीत. नवा ट्रान्सफॉर्मर बसल्यावर त्याचा लाभही सगळ्या रस्त्याला होणार, दाब सुधारणार, उन्हाळ्यात फ्यूज उडणे कमी होणार. खर्च मात्र सहा फ्लॅटवाल्यांचा. रांगेतल्या शेवटच्या प्रवाशाला बस मोठी घ्यायला लावावी, तसा हा हिशेब आहे.

आपल्या कायद्याला हे मान्य नाही, आणि ही गोष्ट पुरेशी लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. विद्युत कायदा, २००३ याच्या ४३व्या कलमाने वीज वितरण कंपनीवर मागेल त्याला वीज देण्याचे कर्तव्य टाकले आहे. ते चुकवल्यास दिवसाला १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. ४६व्या कलमाने कंपनीला अर्जदाराकडून खर्च घेण्याची मुभा दिली, पण तीही आयोगाच्या विनियमांनी परवानगी दिली तरच, आणि वाजवी खर्चापुरतीच. राज्य वीज मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. तिने जोडणीच्या आकारांचा जो प्रस्ताव आयोगापुढे ठेवला त्यात ‘सर्व्हिस लाइन चार्जेस’ नावाचा आकार होता. जाळे उभारण्याच्या खर्चातला वाटा नव्या ग्राहकाने उचलावा, हा त्याचा हेतू. ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशात आयोगाने तो नाकारला. वितरणाचे जाळे उभारणे हे कंपनीचे काम, त्याचा खर्च तिने करावा आणि वार्षिक महसुली गरजेच्या हिशेबातून, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वीजदरातून तो वसूल करावा, अशी आयोगाची भूमिका होती. कंपनी अपिलात गेली आणि २००७ मध्ये अपीलीय न्यायाधिकरणापुढे हरली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या विरोधात निकाल लागला. दहा वर्षे चाललेल्या या वादाचे सार एवढेच आहे की जाळे सगळ्यांचे, म्हणून त्याचा खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

मग रूपांतराच्या कामात तो पुन्हा एकट्याच्या डोक्यावर का बसतो? कारण त्याच तत्त्वाला एक अपवाद आहे. जी सुविधा केवळ एका ग्राहकासाठी, किंवा एकाच आवारातल्या अथवा लागून असलेल्या आवारांतल्या ग्राहकांच्या गटासाठीच वाहिलेली आहे, तिचा खर्च त्या ग्राहकाकडून घेता येतो. व्यवहारात तिला ‘डीडीएफ’ म्हणतात. अपवाद रास्त आहे. कोणा कारखान्याला स्वतःपुरती स्वतंत्र वाहिनी हवी असेल, तर तिचा भार इतरांनी का उचलावा? पण व्याख्येत ‘केवळ’ आणि ‘स्पष्टपणे’ या अटी आहेत आणि सगळे वजन त्यांवर आहे. ज्या ट्रान्सफॉर्मरवरून रस्त्यावरच्या इतर घरांनाही वीज जाते, तो व्याख्येनुसार डीडीएफ होऊच शकत नाही. प्रत्यक्षात मात्र घाईत असलेला अर्जदार आपणहून ‘स्वखर्चाने काम करून घेण्यास तयार’ असल्याचे संमतीपत्र लिहून देतो. त्याचे बांधकाम पूर्ण झालेले असते, भाड्याने राहणारी कुटुंबे चावीची वाट पाहत असतात, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. कंपनीच्या निधीतून काम व्हायचे तर थांबावे लागेल, स्वतः केले तर लगेच होईल, असा पर्याय समोर आला की बहुतेक जण दुसरा निवडतात. परवानाधारक विद्युत ठेकेदार काम करतो, कंपनी देखरेखीचे १.३ टक्के आकारते आणि ट्रान्सफॉर्मर कंपनीच्या जाळ्याचा भाग होतो. डीडीएफ नसलेल्या कामाचा खर्च ग्राहकाने आधी करायचा आणि नंतर वीजबिलांतून परत घ्यायचा, अशीही सोय आहे. तिला ‘नॉन-डीडीएफ’ म्हणतात. पण कागदावर काम कोणत्या रकान्यात पडले हे अर्जदाराला त्या वेळी कळत नाही. विद्युत लोकपालांच्या मुंबई आणि नागपूरच्या कार्यालयांपुढे पायाभूत खर्चाच्या परताव्याचे दावे वर्षानुवर्षे येत राहिले ते यामुळेच. ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे दाद मागायची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अनेकांना आपला हक्क समजतो तेव्हा ती उलटून गेलेली असते.

जोडणी महाग झाली की लोक काय करतात, हेही पाहायला हवे, कारण खर्चाचा खरा फटका तिथे बसतो. घराची सहा बिऱ्हाडे होतात, पण मीटर एकच राहतो. आत मालक आपले सब-मीटर लावतो आणि भाडेकरूंकडून युनिटप्रमाणे पैसे घेतो. घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे: पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे सर्वांत महाग. समजा सहा कुटुंबे महिन्याला प्रत्येकी ९० युनिटे वापरतात. सहा मीटर असते तर सगळी ५४० युनिटे पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसली असती. एकाच मीटरवर त्यांतली फक्त १०० स्वस्त टप्प्यात बसतात, प्रत्येकी २०० पुढच्या दोन टप्प्यांत जातात आणि उरलेली ४० सर्वांत महाग दराने. सहा मीटरचे सहा स्थिर आकार धरले तरी वेगळे मीटर स्वस्त पडतात. म्हणजे कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबासाठी ठेवलेली सवलत त्याच कुटुंबाला मिळत नाही. त्यात एकाच कुटुंबाच्या हिशेबाने ओढलेली वायर आणि मीटरपेटी सहा कुटुंबांचा भार वाहते. दवाखाना किंवा दुकान निघाले आणि मीटर घरगुतीच राहिला, तर कायद्याचे १२६वे कलम लागू होते: मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर संबंधित दराच्या दुप्पट आकारणी. अशी चोरवाट धरणाऱ्यांचे समर्थन करायचे कारण नाही. पण सरळ वाट इतकी महाग आणि इतकी अनिश्चित ठेवली तर आडवाटेने जाणारे वाढणारच, हे धोरण ठरवणाऱ्यांनी गृहीत धरले पाहिजे.

यावरचा उपाय नव्याने शोधून काढावा लागणार नाही. केंद्र सरकारने २०२० साली वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. विद्युतीकरण झालेल्या भागात १५० किलोवॉटपर्यंतच्या जोडणीचा आकार भार, वर्गवारी आणि कंपनीचा सरासरी खर्च यांवरून आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे प्रत्येक जागी जाऊन वेगळा अंदाज काढण्याची गरज राहणार नाही, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या हिशेबातले ५६ किलोवॉट या मर्यादेत अगदी आरामात बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच नियमांत दुरुस्ती झाली आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आली. मात्र जाळ्याचा विस्तार करावा लागणार असेल तर ही मुदत सुटते, आणि रूपांतराची बहुतेक अडलेली प्रकरणे नेमकी याच सवलतीत अडकतात. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. छतावर ५ किलोवॉटपर्यंतचा सौर संच बसवणाऱ्यासाठी जाळे मजबूत करावे लागले, तर तो खर्च वितरण कंपनीने स्वतः करायचा आहे. म्हणजे छोट्या ग्राहकाच्या एका गरजेपुरते हे तत्त्व सरकारने लेखी मान्य केलेले आहे. छतावरून जाळ्यात वीज सोडणाऱ्यासाठी जे तत्त्व योग्य ठरते, ते त्याच छताखाली सहा कुटुंबांना वीज हवी असताना अयोग्य का ठरावे?

ब्रिटनने याच प्रश्नाचा निकाल नुकताच लावला आहे. लंडन, मँचेस्टरसारख्या शहरांत जुन्या मोठ्या घरांचे फ्लॅट करणे, खेड्यांत धान्याच्या कोठारांची घरे करणे, कार्यालयांच्या इमारती राहण्यासाठी बदलून घेणे हे तिथे फार मोठ्या प्रमाणावर चालते, आणि वीजजोडणीचे अवाजवी आकडे हे तिथलेही जुने दुखणे. पूर्वी नव्या ग्राहकाला आपल्या केबलच्या खर्चाबरोबर मागचे जाळे बळकट करण्याच्या खर्चातला हिस्साही द्यावा लागे. ऑफजेम या तिथल्या नियामकाने २०२२ मध्ये निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०२३ पासून वीज मागणाऱ्या नव्या ग्राहकाकडून हा हिस्सा घेणे बंद झाले. स्वतःच्या जोडणीपुरती केबल आणि खोदाई आजही त्याचीच; मागचे बळकटीकरण मात्र सगळ्या ग्राहकांच्या दरातून. त्यांनी एक मर्यादाही घातली: बळकटीकरणाचा खर्च प्रति केव्हीए १,७२० पौंडांहून जास्त होत असेल तर त्यावरचा भाग ग्राहकाने द्यायचा. म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या एकट्या घरासाठी सगळ्यांनी वाटेल तेवढा भार उचलायचा नाही. आणखी एक नियम तिथे आधीपासून आहे. एखाद्याने पैसे भरून उभारलेल्या सुविधेवर दहा वर्षांच्या आत दुसरा जोडला गेला, तर पहिल्याला त्या प्रमाणात पैसे परत मिळतात. महाराष्ट्राच्या आयोगाने जाळ्याच्या खर्चाबद्दलचे तत्त्व २००६ मध्ये सांगितले होते, म्हणजे ब्रिटनच्या कितीतरी आधी. आपल्याकडे विचार मागे पडलेला नाही. कमी पडते ती अपवादाला घातलेली स्पष्ट मर्यादा.

जाळ्याचा खर्च असा वाटून घेण्यावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला आक्षेप असा की शहरातल्या फ्लॅटवाल्याचा ट्रान्सफॉर्मर गडचिरोलीच्या ग्राहकाने का भरावा? वीजदरात खर्च घातला की तो सगळ्यांवर जातो, गरिबावरही. आक्षेपातली कळकळ खरी आहे, पण हिशेब अर्धा आहे. महावितरणच्या बिलात प्रत्येक युनिटमागे वहन आकार असतो. जाळ्याचा खर्च भरून काढण्यासाठीच तो आहे, आणि नवा ग्राहक तो पहिल्या महिन्यापासून भरू लागतो. ज्याने स्वखर्चाने ट्रान्सफॉर्मर बसवून दिला त्यालाही तोच दर लागतो, एक पैसाही कमी नाही. म्हणजे तो आपला ट्रान्सफॉर्मर एकट्याने भरतो आणि इतरांच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही वाटा देतो. आयोगाच्या हिशेबात ग्राहकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर कंपनीला परतावा आणि घसारा मिळत नाही, हे मान्य. त्यामुळे कंपनी दोनदा पैसे घेते असा आरोप करता येणार नाही. पण स्वतःचा भार एकट्याने आणि इतरांचा वाटून, ही विषमता त्या ग्राहकापुरती तशीच राहते. उलट सहा नवी कुटुंबे जाळ्यावर आली की जाळ्याचा ठरावीक खर्च जास्त ग्राहकांत विभागला जातो. शहराच्या मध्यभागी, आधीच अंथरलेल्या वाहिन्यांवर वस्ती दाट होणे हे वीज कंपनीच्या दृष्टीने माळरानावर नवी वसाहत जोडण्यापेक्षा सोयीचे असते.

दुसरा आक्षेप असा की खर्च वाटून घेतला तर लोक वाटेल तेवढा भार मागतील. ८ किलोवॉटचे काम असताना १५ मागतील आणि जाळे विनाकारण फुगेल. ही भीती रास्त आहे. म्हणूनच जोडणी फुकट द्या असे कोणी म्हणू नये. किलोवॉटप्रमाणे चढत जाणारा ठरावीक, छापील आकार असला की ग्राहक गरजेपुरताच भार मागेल, आणि मागण्याआधी त्याला किंमतही माहीत असेल. अनिश्चित आकड्याने मात्र काटकसर होत नाही. तो कळतो तोवर लिफ्टचा खड्डा खणून झालेला असतो.

तिसरा आक्षेप मोठ्या बिल्डरांबद्दलचा. दोनशे फ्लॅटांच्या मनोऱ्याचा खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यायचा का? नाही. अशा प्रकल्पाला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो खरोखर त्याच आवारापुरता असतो आणि त्याचा खर्च विक्रीच्या किमतीत धरण्याइतका मोठा व्यवहारही तिथे असतो. उपकेंद्राची जागाही त्यानेच द्यावी. फरक करायचा तो इथेच, आणि केंद्राच्या नियमांतली १५० किलोवॉटची रेघ त्यासाठी पुरेशी आहे. वाड्याच्या जागी होणारी चार मजली इमारत रेघेच्या अलीकडे राहील, मनोरा पलीकडे. लहान भूखंडाचा मालक ट्रान्सफॉर्मरसाठी जागा तरी कुठून देणार? दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर वाहनतळ, पाण्याची टाकी आणि जिना बसवल्यावर ट्रान्सफॉर्मरला लागणारे मोकळे अंतर उरतच नाही, आणि मग काम पैशासाठी नव्हे तर जागेसाठी अडते. तिथे फुटपाथवरची किंवा सार्वजनिक जागेतली जोडपेटी हाच मार्ग राहतो, आणि ती जागा महापालिकेनेच द्यायला हवी.

महापालिकेचा विषय निघाला म्हणून खोदाईबद्दलही सांगायला हवे. जमिनीखालून केबल नेणाऱ्या शहरांत रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क केबलच्या किमतीला मागे टाकू शकते. काँक्रीटच्या रस्त्याला ते आणखी चढते. पावसाळ्यात परवानगी मिळत नाही, म्हणून मेमध्ये कागद पूर्ण झालेला अर्ज दिवाळीपर्यंत लोंबकळतो. वीज हवी असलेल्या माणसासाठी ही दोन सरकारी खात्यांची गोष्ट एकच असते. रस्ता काँक्रीटचा करतानाच दर काही मीटरवर आडवी नळी टाकून ठेवली, तर पुढची पंचवीस वर्षे खोदाई टळते.

जुन्या थकबाकीचा भुर्दंडही वास्तूवरच येतो. बंद कारखाना लिलावात घेऊन तिथे गाळे काढणाऱ्याला आधीच्या मालकाची वीजबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी मिळत नाही. विनियमांत तशी तरतूद असेल तर कंपनी ही बाकी नव्या मालकाकडे मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी केरळच्या प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या पुरवठा संहितेने मात्र ही जबाबदारी, वारसाचा अपवाद सोडून, सहा महिन्यांच्या बाकीपुरतीच ठेवली आहे. जुनी वास्तू विकत घेणाऱ्या प्रत्येकाने खरेदीखताआधी वीजबाकीचा दाखला मागावा आणि सहा महिन्यांच्या मर्यादेचा आधार हाताशी ठेवावा.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे. जमीन महाग झाली तशी शहरे आडवी पसरण्याऐवजी जुन्या वस्त्यांत दाट होत आहेत. ज्या घरात पूर्वी पंखा, फ्रिज आणि चार दिवे होते तिथे आता दोन एसी आहेत आणि खाली गाडी चार्ज होते. घरी बसवायचा लहान चार्जर ३.३ किलोवॉटचा असतो, मोठा ७ किलोवॉटच्या पुढे जातो. पूर्वीच्या संपूर्ण घराचा मंजूर भार कित्येकदा याहून कमी होता. जुन्या पेठांतले ट्रान्सफॉर्मर भरत येणार आहेत, रूपांतर होवो वा न होवो. ते बदलण्याचे काम कंपनीने स्वतःच्या वेळापत्रकाने, रस्ता पाहून, सगळ्यांसाठी करायचे, की ज्याची पाळी शेवटी आली त्या मालकाच्या अर्जाची वाट पाहायची, एवढाच निर्णय उरतो. पहिला मार्ग स्वस्तही पडतो, कारण एकदाच खणावे लागते आणि यंत्रे एकगठ्ठा खरेदी करता येतात.

आयोगाने करण्याजोग्या गोष्टी चारच आहेत आणि त्यांना कायद्यात बदल लागत नाही. १५० किलोवॉटपर्यंतच्या रूपांतराला, जाळे वाढवावे लागले तरीही, किलोवॉटप्रमाणे एकच छापील आकार लावावा. ज्या ट्रान्सफॉर्मरवरून दुसऱ्या कोणालाही वीज जाते किंवा पुढे जाणार आहे त्याला डीडीएफ म्हणता येणार नाही, हे विनियमात उदाहरणासह लिहावे, आणि अर्जदाराचे संमतीपत्र असले तरी ही अट सुटणार नाही असेही लिहावे. स्वखर्चाने केलेल्या कामावर दहा वर्षांत दुसरा जोडला गेला, तर परतावा आपोआप बिलात यावा. त्यासाठी ग्राहकाला मंचाच्या पायऱ्या चढायला लागू नयेत. अंदाजपत्रकासोबत भाराचा हिशेब द्यावा: ट्रान्सफॉर्मरची क्षमता किती, गेल्या १२ महिन्यांतली सर्वाधिक मागणी किती आणि कोणत्या महिन्यातली, मागितलेला भार किती, एकत्रित मागणी किती धरली, वजा होणारा जुना भार किती. स्मार्ट मीटर बसू लागल्यापासून ही माहिती कंपनीकडे जमा होतेच आहे. आयोग हे करेपर्यंत अर्जदाराने हे पाचही आकडे उपविभागीय कार्यालयाकडे लेखी मागावेत, माहिती अधिकारात मागावेत, आणि स्वखर्चाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी काम डीडीएफ आहे की नॉन-डीडीएफ हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.